विसण घातलं का?

माधुरीची रजा रविवारी संपत होती, आणि शुक्रवार उजाडला तरी मितूचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. म्हणजे ठरलं असावं. मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. पुढच्या खोलीत खुंटीला एक निळी पिशवी टांगली होती आणि तिच्यात रोज काहीतरी वाढत होतं. आधी मितूचे दोन फ्रॉक, मग कानटोपी. बुधवारी तिची दूधभाताची वाटी पिशवीत दिसली तेव्हा मला कळलं. नेवाशाला, माधुरीच्या आईकडे.

माधुरी माझी सून. एसटीत कंडक्टर आहे. मुलगा प्रवीण सकाळी सहाला नगरची गाडी पकडतो, तिथे एमआयडीसीत कामाला आहे, परत यायला त्याला अंधार होतो. मितूची आजी, माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे माधुरीची ड्युटी सुरू झाली की दिवसभर घरात दोघंच उरणार होतो, अडीच वर्षांची संघमित्रा आणि बहात्तर वर्षांचा मी. डिसेंबरपर्यंत यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

डिसेंबरात जे झालं ते सांगतो. आमच्या मागच्या पडवीत अजून तांब्याचा बंब आहे. बाभळीच्या ढलप्या टाकल्या की अर्ध्या तासात पाणी कढतं. ते बादलीत काढायचं आणि मग विसण घालायचं, म्हणजे गार पाणी ओतून ते अंगाला सोसेल असं करायचं. आधी कढत, मग गार. माझी आई असंच करायची, मिरजगावात सगळेच असं करतात. आंघोळीचं पाणी काढणं हे माझं काम होतं. घरात माझ्याकडे असलेलं ते एकच काम.

त्या सकाळी माधुरीने आतून विचारलं, "आबा, विसण घातलं का?"

"घातलं."

"हात घालून बघितलं?"

"बघितलं. कोमट आहे."

तिने मितूला बादलीजवळ उभं केलं आणि तांब्याभर पाणी तिच्या पायावर ओतलं.

ती किंकाळी मी अजून ऐकतो. डाव्या पावलावर फोड आले, तीन आठवडे मलम चाललं. आता तिथे नव्या कातडीचा गुलाबी डाग आहे. त्या वेळी बादलीच्या शेजारी, दगडी ओट्यावर, माझं पुस्तक पालथं पडलेलं होतं. माधुरीने ते पाहिलं. त्या दिवशी ती काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पुस्तक खाली ठेवून हात घातला असता तर बरं झालं असतं, आबा."

मी गप्प राहिलो. मला हात घातल्याचं आठवत होतं. पण आठवतं म्हणजे ते घडलंच असं कशावरून? चाळीस वर्षं गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली. वाचलेलं आणि घडलेलं यांची माझ्या डोक्यात कधी कधी सरमिसळ होते हे मला ठाऊक आहे. कदाचित मी हात घातलाच नसेल. कदाचित पान संपेपर्यंत थांबू म्हटलं असेल आणि तोंडाने 'बघितलं' म्हणून मोकळा झालो असेन. दीड-दोन महिने मी हेच घोळवत होतो. पडवीत जायचो, बादलीकडे बघायचो, परत यायचो.

मितूने तेव्हापासून पाण्याची धास्ती घेतली. बादलीत धार पडल्याचा नुसता आवाज आला की ती कॉटखाली शिरायची. तिला ओल्या फडक्याने पुसून काढायचं, तेही फडकं आधी तिच्या बाहुलीला लावून दाखवल्यावर.

शुक्रवारी अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलांना बोलावलं होतं, घरच्या मोठ्या माणसासोबत. सेविका अश्विनी पाण्याचे खेळ घेणार होती. गार कशाला म्हणतात, गरम कशाला, हे मुलांनी हातानेच शिकायचं. माधुरी जाणार होती, पण डेपोतून फोन आला की ड्युटीचा तक्ता बदललाय, येऊन जा. तिने मितूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आबा, तुम्ही न्याल? नुसतं बसा तिथं. काही करू नका."

"काही करत नाही," मी म्हणालो.

अश्विनीकडे एक खेळांची पुस्तिका होती. ती मी आदल्या दिवशीच मागून आणली होती आणि तीनदा वाचली होती. दहाला जायचं होतं. मी नऊपासून तयार होतो. चष्मा पुसला, दाराशी गेलो, घड्याळ पाहिलं, पुस्तिकेचं सातवं पान पुन्हा काढलं. पानं सुटी होत नव्हती, दोन-दोन एकदम उलटत होती. वर्षभर असंच चाललं होतं. हल्लीचा कागद पातळ झालाय, असं मी मनाशी म्हणायचो.

वाटेत मितू माझं एक बोट धरून चालली होती. हमरस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. अंगणवाडीच्या फाटकात मदतनीस चांगुणाबाई उभी होती, तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जय भीम आबा. दुसरी चप्पल घरी ठिवली व्हय?"

मी खाली पाहिलं. उजवा पाय उघडा होता. चप्पल वीसेक पावलं मागे, रस्त्याच्या कडेला पडली होती. इतकं अंतर मी अनवाणी चाललो होतो आणि मला कळलं नव्हतं. बायका हसल्या. मी जाऊन चप्पल घालून आलो. कान तापले होते. तेवढं मात्र समजत होतं.

आत अकरा मुलं आणि त्यांच्या आया, एखादी आजी. पुरुष मी एकटाच. भिंतीला टेकून बसलो, मितू माझ्या मांडीआड. अंगणात लिंबाखाली तीन पराती मांडल्या होत्या.

"आमच्याकडं चौथ्या दिवशी नळ येतोय," एक बाई म्हणाली, "आन हिथं पोरांला पाण्यात खेळवायचं!"

"एक थेंब वाया जाणार नाही," अश्विनी म्हणाली. "खेळून झालं की सगळं लिंबाच्या झाडाला."

"मंग लिंबालाच शिकीव की गार-गरम," चांगुणाबाई म्हणाली, आणि खिचडीच्या चुलीवरचं पातेलं उतरवायला गेली.

पहिल्या परातीत माठातलं पाणी होतं. दुसरीत सकाळपासून उन्हात ठेवलेलं. तिसरीत कोमट करायचं होतं. तेवढ्यात एका पोराने माठाच्या पाण्यात बसकण मारली आणि गळा काढला. त्याला उचलता उचलता अश्विनी म्हणाली, "आबा, तेवढं तिसऱ्या परातीचं बघता का? तुम्हाला तर पुस्तिका पाठ असेल."

काही करू नका, असं माधुरीने बजावलं होतं. मला तेच सांगायला हवं होतं. पण डिसेंबरानंतर पहिल्यांदा कुणी मला पाण्याचं काही करायला सांगत होतं. मी उठलो.

चांगुणाबाईने कढत पाणी परातीत ओतलं. "घाला इसान," म्हणाली. मी बादलीतलं गार पाणी तांब्याने घातलं. एक तांब्या, दुसरा. या वेळी पुस्तक जवळ नव्हतं. या वेळी मी नीट, मनगटापर्यंत हात घातला, मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि स्वतःलाच बजावलं, लक्षात ठेव, हात घातलाय.

"कोमट आहे," मी म्हणालो.

मुलं परातीकडे निघाली. सगळ्यांत पुढे एक लाल झबल्यातली मुलगी, दोन्ही हात पसरून. चांगुणाबाई तिच्या वाटेत वाकली, लुगड्याचा पदर खोचला आणि सहज, सवयीने, उजवं कोपर पाण्यात टेकवलं. लगेच उचललं.

"आगं धरा त्या पोरीला! आबा, ह्ये कोमट? ह्यात कोंबडी बुडवली तर पिसं निघतील की!"

अश्विनीने झबल्याला धरून मुलीला मागे ओढलं. एक आई पुढे आली, तिने बोट लावलं आणि 'आई गं' करून झटकलं. माझा हात अजून परातीतच होता. सगळ्या त्या हाताकडे पाहत होत्या.

"आबांची कातडी पुस्तकाच्या पुठ्ठ्याची झाली," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. चांगुणाबाई हसली नाही. तिने माझं मनगट धरून हात बाहेर काढला. मनगटापर्यंत तो लालबुंद झाला होता.

"भाजत न्हाई व्हय तुमाला?"

"कोमट लागतं," मी म्हणालो.

ती परातीत गार पाणी घालत राहिली. तीन तांबे, चौथा, मध्ये मध्ये कोपर. मी पहिल्या परातीशी जाऊन माठाच्या पाण्यात हात घातला. पाणी आहे एवढं कळलं. मग दुसऱ्या परातीत. पुन्हा पाणी. तिन्ही पराती मला सारख्याच होत्या. साखरेसाठी कर्जतच्या डॉक्टरांकडे जातो, ते दर वेळी विचारतात, हातापायाला बधिरपणा? मी दर वेळी नाही म्हणतो. बधिरपणा आला तर तो जाणवेल, अशी माझी समजूत होती.

म्हणजे डिसेंबरात मी हात घातला होता. खोटं बोललो नव्हतो. या विचाराने मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी लिंबाच्या पारावर जाऊन बसलो. पुस्तक बाजूला ठेवता येतं. हात कुठे ठेवणार?

मितू माझ्या मागोमाग आली होती. पोरं पाणी थापटत होती, वाट्यांनी इकडचं तिकडे ओतत होती, अश्विनी बर्फाचा खडा हातोहात फिरवत होती आणि ज्याच्या हातात जाईल तो किंचाळत होता. मितू तिसऱ्या परातीपासून दोन हात लांब थांबली. मग मागे वळून माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

"आबा, तू घाल."

मी चांगुणाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे आता ठीक आहे. मी बसूनच परातीत बोटं बुडवली.

"गलम?" मितूने विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. चांगुणाबाईने मान हलवली होती. 'नाही गं, कोमट आहे,' एवढं म्हणायचं होतं. पण नेमकं तेच वाक्य मी एकदा म्हटलं होतं आणि तिच्या पायावर डाग होता.

"मला कळत नाही," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मोठ्या माणसाला कळत नाही हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"आबाच्या हाताला कळत नाही, मितू. खरंच."

मग ती माझ्या गुडघ्याला धरून वाकली आणि करंगळीचं टोक पाण्याला लावलं. झटकन मागे घेतलं, पाहिलं, पुन्हा लावलं. मग तीन बोटं.

"गलम नाई," ती मला समजावत म्हणाली. "चांगलं ए."

घरी येताना ती दोन्ही ओले हात पुढे धरून चालत होती. मी तिच्या मागे, दर चार पावलांनी चप्पल पाहत.

माधुरी चारला येणार होती. मी पडवीत गेलो, पुढच्या खोलीत आलो, पिशवीकडे पाहिलं, परत पडवीत गेलो. मितू बाहुलीला वाटीत आंघोळ घालत होती. हे माधुरी पाहणार, खूश होणार. पोर पाण्याला हात लावायला लागली आणि तेही आबांनी नेलं म्हणून, असं म्हणणार. पिशवी कदाचित खाली उतरेल. मी फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तर मला जन्मभर जमलेलं आहे. आणि हाताचं सांगितलं तर? ज्याला कढत पाणी कळत नाही त्याच्याजवळ पोर कोण ठेवील? मी ठेवली नसती. चांगुणाबाई आज ना उद्या बोलेल हेही होतंच. पण सोमवारपर्यंत तिची आणि माधुरीची गाठ पडली नाही तर? असाही हिशेब मी केला. लाज वाटते, पण केला.

माधुरी आली ती ओढणीने घाम पुसत. मितूला वाटीत हात घालून बसलेली पाहून दारातच थांबली.

"आबा! हे काय?"

"अंगणवाडीत..." मी म्हणालो.

तिने मितूचे मुके घेतले, हसली, चहा ठेवला. स्टीलच्या पेल्यात चहा ओतून, पेला ओढणीत धरून माझ्यासमोर आणला. मी घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि सुरुवात कुठून करावी याचा विचार करत बसलो. पुस्तिकेपासून करावी की चपलेपासून?

"ड्युटी सकाळची मिळाली," ती सांगत होती. "सातला निघायचं, तीनला मोकळी. आज चांगलं झालं बाई, पाण्याला शिवली तरी..." ती बोलायची थांबली. माझ्या हातांकडे पाहत होती.

"आबा, पेला खाली ठेवा."

"का?"

"मला तो ओढणीतसुद्धा धरवत नव्हता. खाली ठेवा म्हणते ना!"

तिनेच तो ओढून घेतला, चहा जमिनीवर सांडला. माझे तळवे उलटे करून पाहिले. मग मी सांगितलं. उलटसुलट सांगितलं, आधी कोंबडीची पिसं, मग डॉक्टर, मग पुस्तकाची पानं, शेवटी डिसेंबर. गाडीत मोठ्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या माणसाकडे ती बघत असेल तशी माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे त्या दिवशी हात घातला होता तुम्ही?"

"घातला होता."

"मग दोन महिने मी पुस्तकावरून बोलतेय, तेव्हा एकदा तरी म्हणायचं!"

"खात्री नव्हती."

"स्वतःच्या हाताची?"

"घातल्याची."

ती कपाळाला हात लावून बसली. "ऐकून घेत राहिलात. नुसते ऐकून घेत राहिलात. आणि वर्षभर असा चहा पिताय, आमच्या डोळ्यांदेखत." मग तिचा आवाज चढला. "आज त्या पोरीला काही झालं असतं म्हणजे? काही करू नका म्हणाले होते का नव्हते?"

"म्हणाली होतीस."

मितू वाटी घेऊन मध्ये येऊन उभी राहिली. "आबाला कलत नाई," ती आईला म्हणाली, जशी एखादी जुनी गोष्ट सांगावी तशी.

माधुरी उठली, सांडलेला चहा पुसला. पुसता पुसता खुंटीवरच्या पिशवीकडे तिची नजर गेली, माझीही गेली.

"रविवारी सोडायची का तिला?" मी विचारलं. "मी येतो सोबत. पिशवी धरायला."

तिने फडकं पिळलं.

"आईकडंही बंबच आहे," ती म्हणाली. "तीही आधी कढतच काढते. आणि तिला मोतीबिंदू झालाय, तर म्हणते मी अजून सुई ओवते. परवा मिठाच्या डब्यात साखर ओतली, तरी सुई ओवते." ती नाकातून हसली, मग डोळे पुसले. "तिथं मी फोनवरून विचारणार, आई, पाणी बघितलं का? ती म्हणणार, बघितलं. मग?"

मी तळवे मांडीला पुसले.

"ऐका. उद्या कर्जतला डॉक्टरकडं. मी येणार, उत्तरं मी देणार. सोमवारपासून मी जायच्या आधी मितूची आंघोळ मी घालणार. मी नसताना बंब पेटवायचा नाही, गॅस लावायचा नाही, तुमचा चहा थर्मासमध्ये, तोही शेजारच्या पुष्पावतीकाकू ओतून देतील. दूध गार. आणि या घरात बादलीत आधी गार पाणी, मग कढत. प्रवीणलाही सांगा."

"आधी गार," मी म्हणालो. बहात्तर वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

"जमंल?"

"जमेल. बहुतेक."

"बहुतेक नको आबा."

"जमेल."

डॉक्टरांनी शनिवारी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचून पाहिली, माधुरीने सगळी उत्तरं दिली, आणि दोन गोळ्या वाढल्या. हे टोकांकडून सुरू होतं, म्हणाले. कोपरापर्यंत अजून आलेलं नाही. पिशवीतली वाटी रविवारी फडताळात परत गेली. फ्रॉक अजून पिशवीतच होते. पिशवी खुंटीला तशीच होती, आणि माधुरीने ती का ठेवली हे मी विचारलं नाही.

सोमवारी सातला ती गेली. दहाच्या आत मी चार वेळा पडवीत जाऊन आलो. बंब विझलेला आहे का पाहिलं, हाताने नव्हे, बाही सारून कोपर टेकवून. गॅसची कळ दोनदा पाहिली. दाराला कडी घातली, काढली, पुन्हा घातली. पाचव्यांदा निघालो तेव्हा मितू पडवीच्या उंबऱ्यावर उन्हात बसली होती, पुढ्यात तिची वाटी, वाटीत माधुरीने जाताना घातलेलं पाणी.

"आबा, कोपल," तिने फर्मावलं.

मी खाली बसलो. तिने माझी बाही वर सरकवली, दोन्ही हातांनी कोपर धरून वाटीत टेकवलं.

"गाल का गलम?"

"गार," मी म्हणालो.

तिने आपलं कोपर बुडवून पाहिलं. मान हलवली.

"नाई. कोमत."

पाणी सकाळपासून उन्हात होतं. मी पुन्हा कोपर टेकवलं आणि या वेळी ते लगेच काढलं नाही.

"कोमट," मी म्हणालो. तिचं बरोबर होतं.